बशीखालची कार्डं

६ जून

चि. सौ. वहिनीबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र घरच्या पत्त्यावर न पाठवता तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे, यावरूनच तुला कळलं असेल की हे तुझ्या नवऱ्याला कळता कामा नये. फोन केला असता, पण तुमचा फोन त्याच्या खुर्चीशेजारी असतो. तो "हॅलो" म्हणाला की मी ठेवून देते, असं गेली सहा वर्षं चाललंय. तो मला राँग नंबर समजत असावा.

काम असं आहे. आमच्या 'विरुद्धार्थी शब्द, व्याख्यांसह' या शाळेच्या छोट्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. छापखान्याला आणखी चाळीस जोड्या हव्यात, ऑगस्टअखेरपर्यंत. आमची कामाची रीत तू पाहिली आहेस. एक पांढरं कार्ड घ्यायचं, पुढच्या बाजूला मी सरळ शब्द आणि त्याची व्याख्या लिहायची, मागच्या बाजूला आमच्या उलटपक्ष्यानं विरुद्ध शब्द आणि त्याची व्याख्या. (उलटपक्षी हे तुझ्या नवऱ्याला आईनं ठेवलेलं नाव. चार वर्षांचा असल्यापासून तो कुणाला 'हो' म्हणालेला आठवत नाही.) नियम एकच, लहानपणी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून हा खेळ खेळायचो तेव्हापासूनचा: व्याख्येत 'नाही' आणायचा नाही. 'आळशी म्हणजे जो उद्योगी नाही तो' हे कुणीही सांगेल, त्याला डोकं लागत नाही.

माझ्या चाळीस पुढच्या बाजू लिहून झाल्या. मग मागच्या बाजूला वळले आणि हात टेकले. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, जन्म सगळा सरळ बाजूनं गेला, उलट कसं बघायचं ते मला येतच नाही. चार दिवस बसून 'आळशी: उद्योगाचा अभाव असलेला' एवढं जमलं. तेही 'नाही'च आहे, फक्त अंगात कोट घातलेला.

म्हणून मागच्या बाजू तू लिही. पहिली दहा कार्डं सोबत आहेत. त्याला विचारू नकोस. छापखान्यानं केलेल्या एका क्षुल्लक चुकीवरून त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. आता मी त्याच्या दारात शब्द मागायला उभी राहणार नाही.

तुझी,
ताई


१५ जून

ती. ताईंना,
सा. न.

ताई, मी चष्मे विकते. दिवसभर लोकांना 'हे स्पष्ट दिसतं की ते' एवढंच विचारायचं माझं काम. तुम्हाला मीच कशी सापडले?

तरी तुम्ही सांगितलंत म्हणून दुकानात गिऱ्हाईक नसताना बसले. दहाही कार्डं परत पाठवते आहे. तीन इथे उतरवते, बाकीची पाकिटात बघा.

उद्योगी: काम दिसलं की उठणारा. (हे तुमचं.)
आळशी: काम दिसलं की आधी यादी करणारा.

उदार: मागायच्या आधी देणारा.
कंजूष: भेटवस्तूंचे जुने कागद इस्त्री करून कपाटात ठेवणारा.

धीट: अंधाऱ्या जिन्यात पुढे चालणारा.
भित्रा: अंधाऱ्या जिन्यात मोठ्यानं पाढे म्हणणारा.

सगळं मीच लिहिलंय, ह्यांना पत्तासुद्धा नाही. हे बरे आहेत. वर्तमानपत्रातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण मुद्रितशोधकाची लाल पेन्सिल काही हातातून सुटत नाही. काल औषधाच्या बाटलीवरच्या कागदात दोन चुका काढल्या आणि परत जाऊन औषधवाल्याला दाखवून आले. त्यानं ह्यांना दुसरी बाटली देऊ केली, तर म्हणाले, "औषध बरोबर आहे हो, मराठी आजारी आहे."

आपली,
वहिनी


२१ जून

चि. सौ. वहिनीबाईस,

कार्डं वाचली. तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा हसले, दुसऱ्यांदा तर चहा सांडला. छापखान्याला नक्की आवडतील.

आता एक शंका. माझ्या कपाटातले इस्त्री केलेले कागद तू पाहिले असशील, ते सोडून देते. मी याद्या करते हेही जगजाहीर आहे. पण जिन्यातले पाढे? जुन्या घराच्या जिन्यात दिवा नव्हता आणि वर जाताना मी सातचा पाढा ओरडून म्हणायचे, हे या जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. कारण तो माझ्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून मागून यायचा. तुझ्या लग्नाला तेव्हा वीसेक वर्षं अवकाश होता.

खोटं बोलायचं असेल तर माझ्याशी बोलू नकोस. मी छत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. कॉपी कोणत्या बाकावरून झाली ते मला वासावरून कळतं.

ताई


२९ जून

ती. ताईंना,
सा. न.

पकडलंत. पण मी ह्यांना काहीही विचारलेलं नाही, हे अगदी खरं.

केलं ते एवढंच. तुमची कार्डं माझ्या अक्षरात उतरवून काढली, मागच्या बाजूला मुद्दाम चुकीचा शब्द लिहिला आणि कार्ड सकाळच्या चहाच्या बशीखाली ठेवलं. 'उदार'च्या मागे 'श्रीमंत' लिहिलं होतं. ह्यांनी कप उचलला, बशी सरकवली, कार्ड पाहिलं आणि कप तसाच खाली ठेवला.

"हे काय आहे?"

"मासिकातलं कोडं," मी म्हटलं. "विरुद्धार्थी शब्द द्यायचे आणि व्याख्याही. बक्षीस आहे."

"उदारच्या विरुद्ध श्रीमंत?"

"मला तरी तसंच दिसतं. दुकानात रोज बघते."

"पेन्सिल आण," म्हणाले.

चूक सुधारल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली दुसरा घोट उतरत नाही. सरळ मदत मागितली असती तर मिठाची गुळणी धरून बसले असते. चूक समोर ठेवली की मात्र हातातलं टाकून धावतात. तुम्ही दोघं पायऱ्यांवर बसून खेळलात, पण ह्यांच्याबरोबर एकोणतीस वर्षं संसार मी केलाय.

संशय अजिबात आलेला नाही. पुढची कार्डं पाठवा. मला आता चुकीचे शब्द शोधायची गोडी लागली आहे. त्यात 'नम्र' असेल तर मागे 'उंच' लिहिणार आहे.

आपली,
वहिनी


८ जुलै

चि. सौ. वहिनीबाईस,

तुझी युक्ती मला नीतीला धरून वाटत नाही. फसवून काम करून घेणं शाळेत कुणी केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

पुढची बारा कार्डं सोबत आहेत. सतरा नंबरचं जसंच्या तसं उतरव, एक शब्दही इकडचा तिकडे करू नकोस. मागे काय चूक लिहायची ते तुझं तू बघ.

आणि तो हल्ली चहात साखर किती घेतो? सहज विचारते.

ताई


१६ जुलै

ती. ताईंना,
सा. न.

साखर अर्धा चमचा. डॉक्टरांनी बंद सांगितली तेव्हापासून. त्याआधी एक घ्यायचे.

अकरा कार्डं मजेत झाली. त्यातलं हे मला सगळ्यात आवडलं:

पाहुणा: आल्यावर घर मोठं वाटायला लावणारा. (तुमचं.)
यजमान: "बसा हो, घाई काय आहे" म्हणत पाहुण्याच्या चपला शोधून देणारा.

आता तुमचं सतरा नंबरचं. तुम्ही लिहिलं होतंत, 'हट्टी: समोरच्यानं उठून यावं म्हणून सहा वर्षं एकाच खुर्चीत वाट बघणारा.' मी मागे 'उभा' असं लिहून ठेवलं. हे हसले नाहीत. दोन कप चहा झाला, पेन्सिलीला दोनदा टोक केलं, मग लिहिलं:

समजूतदार: पुस्तकाच्या पहिल्या पानावर दुसऱ्याचं नाव आपल्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लावणारा.

ताई, मासिकाच्या कोड्याला असं कुणी लिहितं का? मग मात्र मी विचारलं. म्हटलं, "अहो, ती छापखान्याची चूक होती. लेखिका म्हणून ताईंचं एकटीचं नाव आणि तुमचं खाली बारीक, 'साहाय्य' म्हणून. त्या पानं लावणाऱ्या बाईनं घोळ केला, असं ताईंनी तेव्हाच सांगितलं होतं."

हे म्हणाले, "मी जन्मभर प्रूफं वाचली, तेही वाचलं. त्यावर दोन्ही नावं शेजारी शेजारी होती. माझं खोडून खाली 'साहाय्य' असं लिहिलेलं होतं, हिरव्या शाईत."

हिरव्या शाईनं कोण लिहितं ते मला माहीत आहे, ताई. तुमचं पत्र आत्ता माझ्यासमोर आहे.

मग म्हणाले, "नावाचं दोन दिवसांत विसरलो असतो. पण त्या बाईला मालक सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले, आणि ताई शेजारी गप्प उभी होती." एवढं बोलून चपला घातल्या आणि फिरायला गेले. मला तुमचा राग आला, हे लिहूनच टाकते. मनात ठेवून व्याख्या करणं मला जमायचं नाही.

आपली,
वहिनी


७ ऑगस्ट

ती. ताईंना,
सा. न.

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. मी जास्त बोलले का? बोलले असेन. पण परत घेणार नाही.

इथली हकिगत सांगते. हे रोज सकाळी कप उचलायच्या आधी बशी उचलून बघतात. खाली काही नसलं की ती तशीच अलगद ठेवतात, जणू काही मी पाहिलंच नाही. परवा चुकून माझी वाणसामानाची यादी तिथे राहिली. तासाभरानं बघते तर 'साबण'समोर लाल पेन्सिलीनं 'चिखल', 'काडेपेटी'समोर 'पाऊस' आणि 'उंदराचं औषध' याच्यासमोर 'मांजर'. वाण्यानं सगळं वाचून मला विचारलं, मांजर कुठल्या कंपनीचं हवं.

हल्ली दुकानातही येऊन बसतात. "काचा पुसायला मदत करतो" म्हणतात. बरोबर पोस्टमनच्या वेळेला येतात आणि तो गेला की काचा आपोआप स्वच्छ होतात. ताई, ह्यांना सगळं कळलंय असं मला वाटतं. मी फसवत होते की मलाच फसवलं जात होतं, तेवढं आता कळायचं राहिलंय.

ऑगस्ट लागला. तुमची अठरा कार्डं अजून बाकी आहेत.

आपली,
वहिनी


१४ ऑगस्ट

चि. सौ. वहिनीबाईस,

तू जास्त बोलली नाहीस. सहा वर्षांपूर्वी बोलायला हवं होतंस, पण तेव्हा तुलाही मी फसवलं होतं.

हो, हिरवी शाई माझीच. कारण ऐकशील तर मला हसशील. पहिल्या आवृत्तीची कच्ची कार्डं मी शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत वाचायला ठेवली होती. ज्यानं त्यानं कार्ड उचललं की पहिल्यांदा उलटं करायचा. मागची बाजू वाचून सगळे हसत, एकमेकांना ऐकवत, घरी नेऊन सांगत. माझी पुढची बाजू कुणाला एक पाठ झाली नाही. मला हेवा वाटला. धाकट्या भावाचा, ज्याला अक्षरं मी गिरवायला शिकवली. प्रूफ समोर आलं आणि हात गेला. ते त्यानं पाहिलं असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

गेले चार आठवडे पत्र नाही कारण छापखान्यात जायला मला इतके दिवस लागले. रोज निघायचे आणि कोपऱ्यावरून परत यायचे. शेवटी गेले. त्या बाई आता पानं लावण्याच्या सगळ्या विभागाच्या प्रमुख आहेत, हाताखाली पाच माणसं. मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगितलं की ती चूक तुमची नव्हती, माझी होती. मालकांनाही बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर पुन्हा सांगितलं.

बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे. तुमचे भाऊ दुसऱ्याच दिवशी येऊन सांगून गेले होते."

मी विचारलं, "काय सांगितलं त्यानं?"

"म्हणाले, चूक आमच्या घरातली आहे, तुमची माफी मागायला आलोय. कुणाची ते मात्र सांगितलं नाही. मालकांचीही समजूत घातली. मला वाटलं, त्यांचीच असेल."

वहिनी, मी तिथल्या स्टुलावर बसून रडले. पाच माणसांसमोर. माझ्या वाटची माफी तो सहा वर्षांपूर्वीच मागून आला होता आणि माझं नाव झाकून आला होता.

बाकीची कार्डं सोबत आहेत. शेवटचं, चाळीस नंबरचं, माझ्या अक्षरात आणि हिरव्या शाईत आहे. ते उतरवू नकोस, तसंच बशीखाली ठेव. मागच्या बाजूला चुकीचा शब्द मीच लिहून ठेवलाय. युक्ती नीतीला धरून नाही, पण मला दुसरी येत नाही.

ताई


२० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

बायकोला आलेली पत्रं मी वाचत नाही. पण तुझं चौदा तारखेचं पत्र तिनं बशीखाली ठेवलं होतं आणि बशीखालचं सगळं माझं, असा गेल्या दोन महिन्यांतला रिवाज आहे. पत्रात तीन चुका सापडल्या.

एक. 'धाकट्या भावाला अक्षरं मी गिरवायला शिकवली.' साफ खोटं. तू फक्त सरळ अक्षरं शिकवलीस. मी ती आरशातल्यासारखी उलटी काढायचो आणि त्याबद्दल तू माझ्या पाठीत धपाटे घालायचीस. माझ्या सगळ्या कारकिर्दीचं मूळ त्यात आहे.

दोन. माझ्या मागच्या बाजूंचा तुला हेवा वाटला म्हणतेस. अगं, पुढची बाजू कोरी असेल तर मला मागे एक अक्षर सुचत नाही. ही सहा वर्षं सुचलेलं नाही. वर्तमानपत्रानं निवृत्तीनंतर सदर लिहायला सांगितलं होतं. महिनाभर कोऱ्या कागदासमोर बसलो आणि नाही म्हणून कळवलं. हे तुझ्या वहिनीलाही आत्ताच कळतंय.

तीन नंबरची चूक चाळीस नंबरच्या कार्डावर आहे, तिच्याकडे येतो.

त्याआधी दोन खुलासे. मासिकाचं कोडं मी पहिल्या सकाळी ओळखलं. 'मागायच्या आधी देणारा' हे कुठल्या मासिकाचं बोलणं नव्हे. आणि राँग नंबरचं तुझी वहिनी सांगते, तर राँग नंबर फोन ठेवण्याआधी उसासा टाकत नाही. सहा वर्षांत तुझे एकवीस फोन आले. मीही "बोल" म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. हट्टी या शब्दाची तुझी व्याख्या अचूक आहे, त्यात मी काही सुधारलेलं नाही.

आता कार्ड. तू लिहिलंयस:

अबोला: एकच गोष्ट मनात घोकत दोन माणसं दोन घरांत बसतात तो काळ.

पुढची बाजू उत्तम. तुझ्या आजवरच्या सगळ्या कार्डांत उत्तम. मागे मात्र तू विरुद्ध शब्द दिलायस 'गप्पा'. चूक. गप्पा कुणाशीही होतात, वाण्याशीही होतात. मी खोडून दुरुस्त केलाय:

भांडण: आपापलं म्हणणं दोन माणसं एकाच खोलीत, एकाच वेळी मांडतात आणि दोघांचा चहा गार होतो तो प्रकार. त्यासाठी आधी गाडीचं तिकीट काढावं लागतं.

शनिवारी साडेअकराच्या गाडीनं येतो आहे. प्रूफ तयार ठेव आणि हिरवी शाई कुठेतरी लपवून ठेव.

तुझा,
उलटपक्षी


१० ऑक्टोबर

ती. ताईंना, आणि दोन दिवसांसाठी म्हणून गेलेल्या आणि सात आठवडे तिथेच मुक्काम ठोकून बसलेल्या ह्यांना,
सा. न.

पुस्तक पोचलं. तुम्ही दोघं रोज कशावरून भांडता ते ह्यांच्या फोनवरून कळतं. काल म्हणे 'स्वस्त'च्या व्याख्येवरून शेजारी मध्ये पडले आणि जेवूनच गेले. ह्यांचा आवाज मी इतका खुशीत लग्नातसुद्धा ऐकला नव्हता. ताई, साखर अर्धाच चमचा द्या. तुम्ही एक देता आहात हे मला फोनवरून कळतं.

पुस्तक देखणं झालंय. पहिल्या पानावर दोघांची नावं शेजारी शेजारी, एकाच आकारात, मी दुकानातल्या पट्टीनं मोजून पाहिली. मला फार बरं वाटलं. आणि मग त्याच पानावर खाली, अगदी तळाशी, मुंगी चालल्यासारखं काहीतरी दिसलं.

मी बावीस वर्षं चष्मे विकते. माझा नंबर दीड आहे. तरीही ते वाचायला मला भिंग काढावं लागलं. तिथे लिहिलंय, 'साहाय्य: वहिनी'.

तुम्ही दोघांनी मिळून हे केलंत. प्रूफ दोघांनी वाचलं. लाल पेन्सिल होती, हिरवी शाई होती, आणि दोघांच्याही हाताला काही टोचलं नाही. बशी कुणाची होती? 'श्रीमंत', 'उंच' आणि 'उभा' या चुका कुणी केल्या? त्या चुका बरोबर असत्या तर तुमचं पुस्तक आज कुठे असतं?

तेव्हा हे पत्र पोचल्यापासून माझा तुम्हा दोघांशी अबोला आहे. अर्थ बघायचा असेल तर तुमच्याच पुस्तकात शेवटच्या पानावर आहे.

त्याच्या विरुद्ध शब्दही मी वाचला. शनिवारी साडेअकराच्या गाडीचं तिकीट काढलंय.

वहिनी